शिळा झेंडू

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या एका गल्लीत आम्ही घर घेतलं तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी वास्तुशांतीला जरबेराची फुलं दिली होती. मी ती काचेच्या उंच बरणीत, गळ्यापर्यंत पाणी भरून, टीव्हीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी समोरच्या दारातल्या बाई वाटीभर खीर घेऊन आल्या. नावगाव काही सांगायच्या आधी त्यांची नजर बरणीवर गेली.

"ह्यांना बुडवून मारायचंय का?"

वाटी माझ्या हातात देऊन त्या सरळ बरणीकडे गेल्या आणि निम्म्याहून जास्त पाणी त्यांनी मोरीत ओतून दिलं. "जरबेराचा देठ पोकळ. चार बोटं पाणी पुरे त्याला, जास्त झालं की कुजतो. कात्री कुठाय?" मी ओट्यावरची कात्री दिली. त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला आणि ती मला परत केली. "हिने तू दुधाच्या पिशव्या कापतेस. हिने देठ कापला जात नाही, चिरडतो." मग स्वतःच्या घरून सुरी आणून त्यांनी एकेक देठ तिरका कापला, बरणी टीव्हीपासून उचलून पंख्याचा वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात नेली, आणि जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मी नलिनी वैद्य. वाटी परत करशील तेव्हा रिकामी चालेल, पण घासलेली हवी."

ती फुलं पुढे इतके दिवस टिकली की शेवटी मलाच त्यांचा कंटाळा आला.

नलूताई तेव्हा साठीच्या पुढे होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त, लग्न केलेलं नाही, अंगाने काटकुळ्या, सुती साडी अशी चापून नेसलेली की निरीला हिसका दिला तरी सुटणार नाही. गिरगावातली खोली सोडून आईला घेऊन त्या भाईंदरला आल्या, त्यालाही तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या घरात भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नव्हतं. होती ती फुलं. खिडकीत निशिगंध, जेवणाच्या टेबलावर पितळेच्या वाडग्यात अनंताची दोनच फुलं, बाथरूमच्या फळीवर औषधाच्या जुन्या बाटलीत एखादी जास्वंद.

सकाळी चहाच्या आधी त्या पाणी बदलायच्या. फुलदाण्या आतून बाटलीच्या ब्रशने घासायच्या. "ज्या भांड्यातलं पाणी आपण पिणार नाही, त्यातलं फुलाने का प्यावं?" निशिगंधाची खालची कोमेजलेली फुलं रोज खुडायच्या, म्हणजे वरच्या कळ्या उमलतात. मान टाकलेल्या गुलाबाला ओल्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून कोमट पाण्यात उभं करायच्या, आणि दुपारी कागद सोडला की गुलाब मान वर करून बघत असायचा. चिमूटभर साखर, लिंबाचे दोन थेंब, बस. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "फूल तोडलं की ते मेलेलंच असतं, मेघना. आपण फक्त ते त्याला कळू द्यायचं नाही."

ह्याच हाताने त्या राग जपायच्या. तो कधी कोमेजू दिला नाही.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्यांना "ताई, तुम्ही मध्ये बोलू नका" असं म्हणाले होते. त्यानंतरच्या प्रत्येक गणपतीत मंत्रपुष्पांजलीची फुलं वाटायचं काम नलूताईंनी आपल्याकडे घेतलं. सगळ्यांच्या ओंजळीत गुलाबाच्या पाकळ्या, शेवंती, तगर. त्या गृहस्थांच्या ओंजळीत देठ. नुसते देठ. ते बिचारे डोळे मिटून तेच देवाला वाहायचे.

मी विचारलं, "त्यांच्या लक्षात तरी आलंय का हे?"

"नसेल आलं. माझ्या लक्षात आहे ना!" त्या म्हणाल्या. "मी विसरत नाही. विसरणं म्हणजे निव्वळ आळस."

तेव्हा मी हसले होते. देठांच्या पुढे हा राग कुठवर जाऊ शकतो, ते मला अजून दिसायचं होतं.

त्यांची आई, आम्ही सगळे तिला आजी म्हणायचो, खिडकीशी बसून कात्रीने वाळकी पानं काढायची. फुलांचं सगळं नलूताईंना आजीनेच शिकवलेलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आजी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि नलूताईंचे थोरले भाऊ, दादा, म्हणाले, "आईला माझ्याकडे नेतो. मीरा रोडला लिफ्ट आहे, हॉस्पिटल जवळ आहे. चालायला लागली की आण परत." नलूताईंना ते पटलं. खुर्चीत बसवून आजीला चार जणांनी जिन्यावरून खाली नेलं, तेव्हा नलूताईंनी तिच्या मांडीवर ओल्या रुमालात बांधलेला सोनचाफा ठेवला होता.

आजी पुन्हा चालली नाही. नलूताई दर दिवसाआड फुलं घेऊन मीरा रोडला जायच्या. एक दिवस आजीची कूस बदलताना त्यांना पाठीवर जखम दिसली, अंथरुणात पडून पडून होते तशी. आणि नलूताईंचा आवाज चढला. वहिनींना त्या काय काय बोलल्या ते मी ऐकलेलं नाही, पण दार उघडं होतं आणि सगळा मजला बाहेर आला होता, हे त्यांनीच मला सांगितलं. वहिनी रडत आत गेल्या. दादा म्हणाले, "नले, तू इथे आता येऊ नकोस. आईचं काय असेल ते फोनवर कळवत जाईन."

फोन आला तो शनिवारी दुपारी. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते, त्या निशिगंधाची जुडी सोडून पानं काढत होत्या. फोन कानाला लावला, ऐकलं, आणि इतकंच विचारलं, "कधी?" मग पुन्हा, "नाही, गेली कधी ते नाही विचारलं. नेलं कधी?"

आजी सकाळी गेली होती. दुपारच्या आत सगळं उरकलं होतं. भाईंदर ते मीरा रोड रिक्षाने जायला असा किती वेळ लागतो!

मी त्यांच्याबरोबर गेले. घर धुऊन काढलेलं होतं, फरशी अजून ओली होती. दादा खुर्चीत बसले होते, डोळे सुजलेले. नलूताई दारातच उभ्या राहिल्या.

"मला का नाही बोलावलंस?"

"तू तमाशा केला असतास," दादा म्हणाले. "आईला शांतपणे जाऊ द्यायचं होतं मला."

खरं सांगायचं तर नलूताईंनी तमाशा केला असता, हे मलाही माहीत होतं. पण तो त्यांचा हक्क होता.

शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई पिठलं-भात घेऊन आल्या होत्या. नलूताईंनी त्यांना हळूच विचारलं, "फूल कौन से थे?" बाईंना वाटलं, सांत्वनाचं काही बोलावं. "अच्छे से किया सब, दीदी. कल सोसायटी में सत्यनारायण की पूजा हुई थी ना, उसके गेंदे के हार पड़े थे थैली में. वही पहना दिए मांजी को. इतनी जल्दी में और कहाँ से लाते?"

नलूताईंचा हात चौकटीवर होता. तो तिथेच राहिला.

"देवावरून उतरवलेले," त्या म्हणाल्या. मग दादांकडे बघून, अगदी हळू आवाजात, "शिळा झेंडू घातलास आईला."

दादा म्हणाले, "नले, ही काय वेळ आहे का फुलांचं बोलायची?"

घरी परतलो तेव्हा सोडलेली निशिगंधाची जुडी तशीच ओट्यावर पडली होती. त्यांनी ती उचलली, देठ पुन्हा कापले, पाण्यात लावली आणि म्हणाल्या, "बघच तू."

मला वाटलं होतं की भांडण होईल, नोटिसा जातील, नाती तुटतील. तसलं काही झालं नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा दादांचा सगळ्या नातेवाइकांना निरोप गेला: अमुक तिथीला मीरा रोडला विधी, नंतर जेवण. नलूताईंनी त्याच मंडळींना फोन केले. त्याच दिवशी, त्याच वेळेला. "विधी दादाकडे आहे, त्याला जरूर जा. मी आपली आईला फुलं वाहणार आहे. वाटलं तर डोकवा."

आदल्या दिवशी त्या मला घेऊन पुलावरून पश्चिमेला गेल्या. समुद्राकडच्या चौक गावाहून बसने येणारी फिलोमिना तिथे स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसायची. वाडीतला मोगरा, निशिगंध, अनंत, तगर, कधी सोनचाफा. नलूताई दुसऱ्या कोणाकडून फुलं घेत नसत, कारण फिलोमिना फुलांवर पाणी मारून वजन वाढवायची नाही. त्या दिवशी टोपली रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातच वास येत होता. आत आजीचा फोटो भिंतीवर नाही, तर ती बसायची त्या खिडकीतल्या खुर्चीवर ठेवलेला. हार नाही. "हार घातला की माणूस मेलं असं होतं." खाली पितळी घंगाळात काठोकाठ पाणी आणि वर तरंगता मोगरा, बाजूला निशिगंध असा उभा केलेला की वाऱ्याने तो फोटोकडे झुकावा. लोक आले की आधी गप्प व्हायचे, मग आजीबद्दल बोलायला लागायचे. कोणी रडलं, कोणी आजीची नक्कल केली, सगळे हसले. पहिल्या वर्षी मीरा रोडचं जेवण उरकून थोडे जण इथे आले. दुसऱ्या वर्षी बरेचसे आधी इथे आले आणि मग उठलेच नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी, मी ऐकलं ते असं, मीरा रोडच्या घरी भटजी, दादा आणि वहिनी एवढेच होते, आणि केळीची पानं तशीच उरली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी दादांचा फोन आला. नलूताईंनी स्पीकरवर घेतला, मी ऐकावं म्हणूनच.

"नले, लोकांना माझ्याकडे येऊ देणार नाहीस का?"

"मी कोणाला अडवलं? लोक आईला भेटायला येतात. आई आता माझ्याकडे असते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "ने ना परत. तुझ्याकडे लिफ्ट आहे."

त्यानंतर एकदा दादा स्वतः आले. गुडघे दुखत असताना जिने चढून, धापा टाकत. हातात मोठा गुच्छ होता, लाल गुलाब, चकचकीत कागदात बांधलेला. मी माझ्या दारात भाजी घेत होते. दादा म्हणाले, "नले, पुरे आता. आपण दोघंच उरलोय."

नलूताईंनी गुच्छ घेतला. "थांब," म्हणाल्या, आत गेल्या आणि सुरी अन् स्टीलची बादली घेऊन बाहेर आल्या. तिथेच, जिन्याच्या चौकात बसून त्यांनी कागद सोडला, रबर काढलं, पाण्यात धरून देठ कापले, पाण्याखाली जातील ती पानं काढली आणि सगळे गुलाब बादलीत नीट लावून बादली भिंतीला टेकवून ठेवली. उंबऱ्याच्या बाहेर. दादा उभे होते. त्यांना कोणी आत या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही.

"फुलांचा काय दोष?" नलूताई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ते गुलाब त्या रोज बघायच्या. रोज पाणी बदलायचं, वाळकी पाकळी काढायची. आमच्या जिन्यात तेव्हा कचरा टाकायचीसुद्धा कोणाची हिंमत नव्हती. शेवटचा गुलाब गळेपर्यंत त्यांनी त्यांची अशी सेवा केली, पण एकही फूल उंबऱ्याच्या आत गेलं नाही. वरखाली जाणारा जो तो विचारायचा, "कुणी दिले हो एवढे सुंदर गुलाब?" आणि त्या सांगायच्या, "दादाने. आत घेण्यासारखे नव्हते."

मला ते बघवेना. एकदा मी म्हटलं, "नलूताई, म्हातारा माणूस आहे हो." त्या म्हणाल्या, "आईसुद्धा म्हातारीच होती."

त्यांनी केलेलं सगळ्यात दुष्ट काम मात्र इतकं गोड दिसत होतं की ते माझ्याशिवाय कोणाला कळलंच नाही. त्यांच्या मावसभावाने नवघर रोडला नवीन घर घेतलं होतं. पूजेला दादा आले आणि त्यांनी कार्नेशनची मोठी परडी आणली, गुलाबी, महागडी, सगळ्यांनी वा वा केली. दादांना तेवढंच बरं वाटलं. फोटो निघाले. जेवणं झाल्यावर परडी आतल्या एसीच्या खोलीत ठेवली गेली. नलूताई कौतुकाने तिच्याभोवती फिरल्या. मग प्रसादाची केळी, पिकलेले आंबे, चिकू असं सगळं ताट उचलून आणलं आणि परडीला अगदी खेटून ठेवलं. वर एक मोठा प्लास्टिकचा कागद पांघरला. "एसीने सुकतील बिचारी," असं घरच्या सुनेला सांगितलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

मी परतताना विचारलं, "फळं जवळ ठेवायची नसतात ना? तुम्हीच मला शिकवलंत."

"हो का?" त्या म्हणाल्या. "मी तर देवाची फळं सांभाळून ठेवली."

पिकल्या फळांच्या वाफेने कार्नेशन मिटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परडीतलं प्रत्येक फूल आत वळून चुरगळलेल्या कागदासारखं झालं होतं. मावसभावाच्या बायकोने दोनचार जणींना फोन केले, त्या दोनचार जणींनी बाकीच्यांना. "दादांनी शिळी फुलं आणली हो! काल रंग मारून आणली असतील." हे इतकं पसरलं की पुढे कोणाकडे लग्न-मुंज असली की दादा नुसतं पाकीट घेऊन जायला लागले. फूल कधीच नाही.

"आता लोक त्याला काय म्हणतात माहितीये?" नलूताई मला म्हणाल्या. तेव्हा त्या मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यावर पसरत होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका शांत होता की मला भीती वाटली. "शिळ्या फुलांचा दादा."

दादा गेले ते सकाळी लवकर, झोपेतच. वहिनींचा फोन तासाभरात आला. मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तेव्हा नलूताई साडी नेसून, पिशवी घेऊन जिन्यात उभ्या होत्या. "वहिनी म्हणाली, तुम्ही आल्याशिवाय हलवणार नाही," त्या म्हणाल्या. "चल. आधी पश्चिमेला."

फिलोमिना नुकतीच बसमधून उतरली होती. नलूताई म्हणाल्या, "सगळं दे."

"सगला? लगीन हाय का?"

"भाऊ गेला."

फिलोमिनाने कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली आणि टोपलीच उचलून दिली. "ने. मयताला पैशे न्हाय घेत मी."

मीरा रोडला माणसं जमली होती. दादांचा मुलगा परदेशातून पोचणार नव्हता, म्हणून मावसभावाचा मुलगा, त्यांचा पुतण्या, सगळं बघत होता. नलूताईंनी दादांच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि पदर खोचला. बादल्या मागितल्या. जमिनीवर ओलं फडकं पसरून फुलं निवडली, डागाळलेली बाजूला काढली, मोगऱ्याचा एकेक देठ खुडला. कोणीतरी हार आणले होते ते त्यांनी बाजूला ठेवायला लावले. मग पायांपासून सुरुवात केली. तगर, मग मोगरा, छातीवर अनंत, मानेशी निशिगंधाच्या दांड्या दोन्ही बाजूंनी, कानाजवळ सोनचाफा. एवढ्या हळुवार हाताने त्या फुलं ठेवत होत्या की बायकांचे हुंदके थांबले.

पुतण्या म्हणाला, "आत्या, गाडी आलीये."

"थांबेल गाडी."

"आत्या, स्मशानातला आपला नंबर जाईल. जरा लवकर..."

"ह्या घरात एकदा घाई झालीये," नलूताई मान वर न करता म्हणाल्या. "आज नाही करायची."

शेवटी दादांचा फक्त चेहरा उघडा राहिला, आणि तो सगळ्या पांढऱ्या फुलांत इतका स्वच्छ दिसत होता की त्यांना मी जिवंतपणी तसं कधी बघितलं नव्हतं. वहिनींना ते सहन झालं नाही. त्या नलूताईंच्या गळ्यात पडल्या. "माफ केलंत हो तुम्ही ह्यांना. नलूताई, माफ केलंत."

नलूताईंनी त्यांचे हात मानेवरून सोडवले.

"माफ? कोणी सांगितलं तुम्हाला?" सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "तो आता आईसमोर जाणार. असाच जाणार, नखशिखान्त ताज्या फुलांत. आणि आई बसली असेल शिळा झेंडू घालून. ती विचारेल त्याला, तुला कोणी दिली रे ही? मग मला का नाही मिळाली? देऊ दे त्याला उत्तर. मी तिथे नसेन तमाशा करायला."

मग त्या पुतण्याकडे वळल्या. "ने. झालं माझं."

त्या रडल्या नाहीत. रिक्षात त्यांचे हात मांडीवर पडलेले होते, तगरीच्या चिकाने काळपट झालेले. हायवेशी सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "लहानपणी तोच मला झाडावर चढून चाफा काढून द्यायचा." माझ्याकडे बघून नाही, बाहेर बघून. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "म्हणून तर."

दिवसकार्य झाल्यावर काही आठवड्यांनी वहिनी भाईंदरला आल्या. जिने चढून, दादांसारख्याच धापा टाकत. मी दार उघडून त्यांना माझ्याकडे बसवणार होते, तेवढ्यात नलूताईंचं दार उघडलं.

वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या फोटोपुढे फुलं ठेवते, ती दुपारपर्यंत माना टाकतात. मला शिकवाल का?"

नलूताईंनी दाराच्या कडीवर हात ठेवला. वहिनींना वाटलं असावं की आता दार बंद होणार, म्हणून त्या घाईने म्हणाल्या, "एक सांगायचंय. आईंना ते हार ह्यांनी नव्हते घातले. थैलीतून मी काढून दिले होते. हे नुसते बसून होते. त्यांना काही कळतच नव्हतं."

"माहितीये मला," नलूताई म्हणाल्या. "त्याच दिवशी कळलं होतं."

"मग इतकी वर्षं त्यांच्यावरच का? माझ्यावर का नाही?"

"ती तुमची आई नव्हती," नलूताई म्हणाल्या. आणि दारातून बाजूला झाल्या. "या. चहाबिहा मिळणार नाही."

तेव्हापासून वहिनी दर गुरुवारी यायच्या. मला ऑफिसला सुट्टी असली की उघड्या दारातून दिसायचं: दोघी जमिनीवर बसलेल्या, मध्ये बादली. शिकवणं असं फार नसायचं. खालची पानं काढायची, फुलदाण्या घासायच्या, देठांचा कचरा उचलायचा, एवढं वहिनींकडे. काटे काढताना त्यांचं बोट फुटलं तरी नलूताई म्हणायच्या, "गुलाबाला लागलं नाही ना?" वहिनी पदराने रक्त पुसायच्या आणि पुढचा देठ उचलायच्या. एकदाही त्यांनी गुरुवार चुकवला नाही. आणि एकदाही नलूताईंनी त्यांना चहा दिला नाही.

पुढे माझ्या नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही नाशिकला जायचं ठरवलं. सामान टेम्पोत भरून झालं तेव्हा मी निरोप घ्यायला समोर गेले. गुरुवारच होता. नलूताई उठल्या नाहीत. ओल्या कागदात बांधलेला निशिगंध त्यांनी माझ्या हातात दिला. "पोचल्या पोचल्या आधी देठ काप. सामान नंतर." मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "पुरे. उन्हात फुलं घेऊन उभी राहू नकोस."

मी जिना उतरायला लागले. मागून वहिनींचा आवाज आला, दमलेला. "नलूताई, जरा पाणी मिळेल का प्यायला?"

"पानं झाली का सगळी?"

"थोडी राहिलीत."

मी वळून बघितलं. दार उघडंच होतं. नलूताई उठून माठाकडे गेल्या, काचेचा ग्लास धुतला, भरला, आणि परत येऊन वहिनींच्या समोर उभ्या राहिल्या. वहिनींनी ग्लासासाठी हात पुढे केला. नलूताईंनी दिला नाही. वहिनींनी हात मागे घेतला, मान खाली घातली आणि उरलेली पानं एकेक करून खुडायला लागल्या. आणि नलूताई तो भरलेला ग्लास हातात धरून, जराही न हिंदकळू देता, बघत उभ्या होत्या.